धरणाऱ्या बायका

लातूर,
ता. २ जानेवारी १९३९

चि. शालूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र घाईत लिहितो आहे. पुसेगावहून सासूबाईंचा निरोप आला. रुख्मिणी माहेरी बाळंत होऊन आज सोळा दिवस झाले. मुलगी झाली हे तुला कळवलंच होतं. बारशापर्यंत सगळं सुरळीत होतं. त्यानंतर तिची झोप उडाली. आधी नुसती बडबड होती, आता अंगावर धावून जाते. लेकराला पाजत नाही. 'हे माझं न्हाई, बदललंय' म्हणते. परवा तिनं सासूबाईंना उंबऱ्यावर ढकलून दिलं. गावात कुणी बाळंतवात म्हणतं, कुणी बाहेरचं म्हणतं, आणि एक देवरुषी रोज येऊन धुरी देऊन जातो.

मी सासूबाईंना लिहिलं आहे की धुरी बंद करा, गाडी जुंपा आणि तिला सरळ हिंगोलीला शालूकडे न्या. तुझ्या नोकरीला मी काय काय बोललो होतो ते मी विसरलो नाही. मास्तराची विधवा बहीण जनाना दवाखान्यात आया होऊन परक्या बायकांचं काढते, असं लोक म्हणतील, ही मला भीती होती. आज त्याच दवाखान्याच्या दारात माझी बायको येते आहे, आणि तू तिथे आहेस एवढाच मला आधार वाटतो.

मला या महिन्यात रजा नाही. तालीम खात्याचे साहेब शाळेच्या मुआयन्याला, तपासणीला येणार आहेत आणि शाळेत मी एकटाच जुना मास्तर आहे. जीव तिकडे आणि अंग इकडे, अशी गत झाली आहे.

दोन गोष्टी सांगतो. तिला दोरानं बांधू देऊ नकोस. आणि तिच्या हातातला चुडा कुणाला काढू देऊ नकोस. मागच्या साली मला विषमज्वर झाला तेव्हा तिनं माहूरच्या देवीला नवस बोलून हा काचेचा चुडा भरला होता. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. मी शिकलेला माणूस आहे, मला हसलीस तरी चालेल. पण मी जिवंत असताना रुख्मिणीचे हात मोकळे दिसता कामा नयेत. माझी आज्ञा समज, नाहीतर भीक समज.

तुझा दादा,
माणिकराव


हिंगोली,
ता. ९ जानेवारी १९३९

ती. दादास, शालूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आणि तुझी बायको एकाच दिवशी पोचली. पत्र शांत होतं.

हसू नकोस, मी पण हसत नाही. वहिनीनं मला ओळखलं. गाडीतून उतरवताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "वन्सं, माझं लेकरू बदललं ओ यांनी." मी पाठीवरून हात फिरवला तर माझ्या दंडाला कडकडून चावली. बाळंतपणात बायकांचे दात हलतात म्हणतात, हिचे एकदम शाबूत आहेत.

आता तुला आमचं काम सांगते, म्हणजे तू तिकडे बसून भलतंसलतं मनात आणणार नाहीस. आमच्या वार्डात अशा बायकांना धरायला दोघीच आहोत, मी आणि खतीजाबी. खतीजाबी पन्नाशीची आहे. तिचे पुढचे दोन दात एका बाईच्या टाचेनं गेले, खांद्याचं हाड दुसरीनं मोडलं. ती म्हणते, "बाया बऱ्या होऊन जातात ना, जाताना आपलं कायतरी घेऊन जातात." धरायचं कसं ते तिनंच मला शिकवलं. मनगट धरायचं नाही, ते निसटतं. दंड आणि कोपर धरायचं, गुडघ्याच्या वर धरायचं. आपलं तोंड तिच्या हाताच्या टप्प्यात न्यायचं नाही. धरताना तोंडानं बोलत राहायचं. दोर आम्ही वापरत नाही, चादरीत गुंडाळतो, तेव्हा ती काळजी सोड. आणि या सगळ्याच्या आधी हातातली काच, पायातली जोडवी, केसांतले आकडे उतरवून घ्यायचे, हा दवाखान्याचा नियम आहे.

नियमापाशीच घोडं अडलं. खतीजाबी साबणाचं पाणी घेऊन आली तशा तुझ्या सासूबाई वहिनीच्या दोन्ही हातांवर आडव्या पडल्या. "माझा जावई जित्ता हाय! काच काढायची तर आधी मला तिरडीवर घाला!" अख्खा वार्ड गोळा झाला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या, कारण पेशंट माझ्या घरची.

दादा, तुझं पत्र मी नुकतंच वाचलेलं होतं. आणि खरं सांगू? पत्र नसतं तरी माझा हात उचलला नसता. एकोणीस वर्षांची होते तेव्हा माझ्या बांगड्या दगडानं वाढवल्या. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. आता माझ्यासारखीनं सवाष्णीची काच उतरवायची, तीही सख्ख्या भावाच्या बायकोची, ते मला जमलं नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, राहू द्या, माझ्या जबाबदारीवर. चुड्यावरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्या. डॉक्टरीणबाईंना ते पटलं नाही, पण "बरं, तुझ्या जबाबदारीवर," असं म्हणून त्या गेल्या.

लेकरू गोड आहे. खतीजाबीची सून जुलेखा आपल्या पोराबरोबर तिलाही पाजते. तुझ्या सासूबाई त्या वेळी बरोबर भिंतीकडे तोंड करून जप करतात. तू मुआयना नीट पार पाड. इथे मी आहे.

तुझी,
शालू


हिंगोली,
ता. १५ जानेवारी १९३९

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

काल संक्रांत झाली. वहिनी दोन दिवस झाले बऱ्यापैकी झोपते आहे. नवं औषध लागू पडलंय असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आज तिनं भाकरीचे दोन घास खाल्ले आणि लेकरू कुठे आहे ते विचारलं.

माझे डोळे आलेत, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं येतंय. साथ आहे. काळजीचं काही नाही. जास्त लिहीत नाही.

तुझी प्रकृती कशी आहे? ते तेवढं उलट टपालानं कळव.

शालू


लातूर,
ता. २० जानेवारी १९३९

शालूस,

तुझं पत्र आणि सासूबाईंनी कुणाकडून लिहवून घेतलेलं पत्र एकाच टपालात आलं. तुझ्यात 'झोपते, घास खाल्ले'. त्यांच्यात असं आहे की बारा तारखेला भर दुपारी तू आणि त्या मुसलमान बाईनं मिळून रुख्मिणीला खाटेवर पाडलं, तिच्या अंगावर बसलात आणि तिच्या दोन्ही हातांतला चुडा फोडला. तिचे हात रक्तानं भरले होते. सासूबाईंना तुम्ही दाराबाहेर काढलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. हे खरं की खोटं?

खरंच असणार. नाहीतर 'तुझी प्रकृती कशी आहे' हे तू कशाला विचारलं असतंस? तर ऐक. तेरा तारखेपासून मला ताप आहे. अंगात ताप घेऊन मी साहेबांसमोर वर्ग घेतला.

मी तुझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. आज्ञा नाहीतर भीक, असं म्हणालो होतो. परकीनं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण ज्या हातांना बांगडी नाही, त्या हातांना बांगडीची किंमत कुठून कळणार!

तुझ्या डॉक्टरीणबाईंना मी आज वेगळं पत्र टाकलं आहे. तू पेशंटला निर्दयपणे वागवतेस अशी तक्रार केली आहे आणि तुला रुख्मिणीजवळ फिरकू देऊ नये अशी विनंती केली आहे. आता मला पत्र पाठवू नकोस.

माणिकराव


हिंगोली,
ता. २४ जानेवारी १९३९

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

पाठवू नकोस म्हणालास, तरी पाठवते. वाद घालायला नाही. सोबत एक कागद आहे. त्यावर सही करून उलट टपालानं पाठव. माझ्या डोळ्याचं एक लहानसं ऑपरेशन करायचं म्हणतात. बाईच्या कागदावर घरच्या पुरुषाची सही लागते, असा इथला रिवाज आहे. मला तुझ्याशिवाय कोण आहे?

नांदेडचे मोठे डॉक्टर सात तारखेला येतात. त्याच्या आत कागद यायला पाहिजे. माझ्यावर राग धर, पण कागद अडवू नकोस.

ताप उतरला का?

शालू


हिंगोली,
ता. १ फेब्रुवारी १९३९

माणिकराव मास्तरला खतीजाबीचा सलाम.

मी सांगून राहिली आन आमचा कंपौंडर फारुक लिहून राहिला. शालूला पत्ता न्हाई. कळलं तर माझा जीव घेईल, पन मी भीत न्हाई. मला दात न्हाईत, तिला आता डोळा न्हाई, कोन कोनाला खाईल?

व्हय मास्तर, डोळा न्हाई. डोळे आले असं तिनं तुमाला लिवलं ते झूट हाय. डावा डोळा फुटला. कसा फुटला ते बराबर ऐका, कारन तो तुमच्या कागदानं फुटला.

आमच्याकडं काच आधी उतरवतात. तुमी न्हाई म्हनलं, तुमची सास न्हाई म्हनली, शालूनं जबाबदारी घेतली. बारा तारखेला दुपारी दवा पाजायची व्हती. तुमच्या बायकोला वाटलं आमी तिचं लेकरू न्यायला आलो. उठली आन खाटेवरून झेपावली. मी पाय धरले. शालूनं दंड धरायचा व्हता. धा वर्षं झाली तिला शिकवून, कलाई धरू नको, कलाई धरू नको. तरी तिनं कलाईच धरली. काहून धरली म्हायतीये? चिंध्या सुटल्या व्हत्या. तुमचा चुडा फुटू नये म्हनून तिनं आपल्या तळव्यानं झाकून धरला. हात निसटला, लोखंडी खाटेच्या दांडीवर आपटला, काच फुटली, आन तोच हात वर आला तो शालूच्या डोळ्यात.

तिनं सोडलं न्हाई. मी वरडले, सोड गं, सोड. ती म्हनली, "सोडलं तर ही याच काचेनं स्वतःची नस कापंल." डोळ्यातून रगत गळून राहिलं, तोंडावर, मानेवर, आन ही म्हनती, "वहिनी, मी हाय. मी सोडत न्हाई." मग म्या उठून काच येचून येचून काढली. तुमच्या बायकोच्या हाताला खरचटलं, बाकी काय न्हाई. तिच्या अंगावर जे रगत तुमच्या सासनं पाहिलं ते तुमच्या बहिनीचं व्हतं.

डॉक्टरीणबाई म्हनली, काच कोनाच्या हुकुमानं ठेवली? घरच्यांनी लिहून दिलं व्हतं का? शालू म्हनली, न्हाई, मीच विसरले. तुमचा कागद तिच्या झंपरात हाय, मी सोता पाहिला. वरून तुमची तक्रार आली. आता तिला लेखी इचारलंय की तुला कामावर काहून ठेवावं. कागद दाखवला तर काम राहील. दाखवत न्हाई. म्हनती, दादाची अब्रू हाय.

आन खरी घाई ही हाय. फुटलेला डोळा तसाच ठेवला तर चांगला डोळाबी त्याच्या मागं जातो, असं डॉक्टरीणबाई सांगती. कालपासून तिच्या उजव्या डोळ्याला उजेड सोसवत न्हाई, पानी गळून राहिलं. सहीचा कागद तिनं तुमाला धाडला, आठ रोज झाले. रोज टपालवाल्याच्या वाटंवर जाऊन हुभी राहती. मास्तर, तुमी शिकलेले हात. सही करायला केवढी ताकद लागती?

खतीजाबी

(बाईनं सांगितलं तसंच लिहिलं आहे. फारुक.)


लातूर,
ता. ५ फेब्रुवारी १९३९

शालू,

तार केली आहे. हे पत्र टाकून मी स्टेशनकडे निघतो. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आहे, मंजूर करोत न करोत. बहुधा पत्राच्या आधी मीच पोचेन. तरी लिहितो, कारण तुझ्यासमोर उभा राहिल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.

तुझं पाकीट अठ्ठावीस तारखेला आलं. मी ते फोडलं नाही. तुझं अक्षर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. रोज जाता-येता दिसत होतं. वाटायचं, माफी मागितली असेल, मागू दे अजून थोडी. खतीजाबींचं पत्र वाचल्यावर ते फोडलं. आत कागद होता, आणि 'ताप उतरला का' असं विचारलेलं होतं.

माझा ताप म्हणजे साधं पडसं होतं. दोन दिवसांत गेलं. ते मी तुला फुगवून लिहिलं, तुला टोचावं म्हणून. मी शाळेत मुलांना खोटं बोलू नये असा धडा देतो. त्या दिवशीही दिला होता.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगणार आहे. काच माझ्या सांगण्यावरून राहिली, तक्रार खोटी आहे, राग काढायचा तर माझ्यावर काढा. तू माझा कागद दाखवला नाहीस. शालू, काय म्हणून दाखवला नाहीस? मी तुझ्या जागी असतो तर वार्डाच्या दारावर चिकटवला असता.

देवा, एक डोळा तरी राहू दे तिचा. दुसरं काही सुचत नाही.

तुझा दादा


हिंगोली,
ता. २६ फेब्रुवारी १९३९

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

तू आलास, पाच दिवस राहिलास आणि वहिनीला, लेकराला घेऊन पुसेगावला सोडून परत लातूरला गेलास. त्या पाच दिवसांत मी तुझ्याशी धड बोलले नाही. तुला वाटलं, डोळ्यावर पट्टी आहे म्हणून. पट्टी तोंडावर नव्हती.

तुझी तार पाच तारखेला आली. डोळा तीन तारखेला काढला. हे तू आल्यावर तुला समजलंच, पण सही कुणी केली ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगते. दोन तारखेला संध्याकाळी चांगल्या डोळ्यापुढे धूर दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी नांदेडला तार केली, मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. कागद समोर आणला. पुरुषाची सही कुठे आहे? मी म्हणाले, डोळा माझा आहे, सही मी करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा रिवाज नाही. मी म्हणाले, बाई, काच राहू दिली तेव्हाही रिवाज मोडला होता. तेव्हा माझी जबाबदारी तुम्हाला चालली, मग आता काहून चालत नाही? मग त्यांनी दौत पुढे सरकवली. धुरातून अंदाजानं सही केली. वाकडी आली असेल.

उजवा डोळा आता निवळला आहे. सुईत दोरा ओवता येतो. कामावरही ठेवलं आहे. तू डॉक्टरीणबाईंसमोर हात जोडून सगळं कबूल केलंस, ते मी पडद्यामागून ऐकलं. मास्तर माणसाला ते सोपं गेलं नसेल. मला बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू.

पण एक तू कबूल केलं नाहीस. बांगडी नसलेल्या हातांचं जे वाक्य तू लिहिलं होतंस, ते. मी ते कुणाला सांगणार नाही. मात्र तू 'शालूनं माफ केलं' असं स्वतःला सांगत बसू नकोस. मी रागावलेली आहे अजून. डोळा कमी दुखतो, ते वाक्य जास्त दुखतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. समोर बस. पोटभर बोलणार आहे, आणि तू मधे बोलायचं नाही.

वहिनीला मात्र हे कळू द्यायचं नाही. मी पायरीवरून पडले, हेच आपण दोघांनी सांगितलं आहे, तेच पक्कं ठेव. आत्ता कुठे ती लेकराला जवळ घेते आहे.

शालू


पुसेगाव,
ता. १९ मार्च १९३९

ती. वन्सं यांस रुख्मिणीचा नमस्कार.

माझं लिवणं चुकलं तर पदरात घ्या. यांनी शिकवलं तेवढंच येतं. आई शेतात गेली तवा लिवून राहिले.

वन्सं, मला याद हाय.

समदं न्हाई. आईला ढकललं ते याद न्हाई, गाडीत बसले ते याद न्हाई. पन ती दुपार याद हाय. खाटेचा आवाज याद हाय. माझ्या तोंडावर गरम गरम पडत व्हतं आन मला वाटत व्हतं मला कोनी तरी दूध पाजून राहिलं. मग तुमचं तोंड दिसलं. तुमी म्हनत व्हता, मी हाय, मी सोडत न्हाई. मला तुमचं ऐकू येत व्हतं, पन माझा हात माझं ऐकत नव्हता.

हे म्हनले, तुमी पायरीवरून पडल्या. मी व्हय म्हनलं. आईबी तेच म्हनते. समदे इतकं गोड बोलतात की मला भ्या वाटतं. लेकरू माझ्या मांडीवर देतात आन आई खालून आपला एक हात लावूनच ठेवते. मी पाहते आन पाहिलं न्हाई असं करते. कोनी मला रागवत न्हाई. भाकर करपली तरी रागवत न्हाई. मला वाटतं, मी मानसात न्हाईच.

तुमाला इचारते, दुसऱ्या कोनाला इचारू? तुमचा डोळा मी घेतला का न्हाई? आन लेकराला म्या काय केलं व्हतं का? खरं सांगा. तुमी जर पायरीचं सांगितलं तर मी मानीन, पन मग पुन्ना तुमाला लिवनार न्हाई.

रुख्मिणी


हिंगोली,
ता. २५ मार्च १९३९

वहिनी,

पायरी खोटी. ती मी आणि दादानं मिळून रचली, आणि त्यात तुला फसवायचं होतं म्हणून मला लाज वाटते.

डोळा तुझ्या हातानं गेला. वात होता तुला, तू मुद्दाम केलं नाहीस, पण तुझ्या हातानं गेला. चूक मात्र माझी होती. दंड धरायचा तिथे मी मनगट धरलं. शिकलेली असून धरलं. त्यात दादाची चूक आहे, तुझ्या आईची आहे, ते मी त्यांच्याशी पाहून घेईन. तुझी असती तर तुलाही सांगितलं असतं, मला कुणाची भीड नाही.

राग आला होता का? आला होता. पहिले आठ दिवस तुझं नाव निघालं की मी उठून जायची. मग तू एकदा मला पाणी दिलंस, अर्धं माझ्या अंगावर सांडलंस. त्या दिवशी राग गेला. तुला ते आठवत नसेल, मला आठवतं.

लेकराला तू काही केलं नाहीस. दोनदा गोधडीवर दूर सारलंस, एवढंच. मारलं नाहीस, टाकलं नाहीस. ते चुकून घडू नये म्हणूनच आम्ही तुला धरत होतो.

काल कळमनुरीकडची एक बाई आली, तुझ्यासारखीच ओली बाळंतीण. तिला धरायला निघालो तर तिची सासू हात पसरून आडवी झाली, काच काढू देईना. मी पदर मागे सारला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं माझं तोंड पाहिलं आणि बाजूला झाली. मला आता डावीकडचं दिसत नाही, म्हणून मी उजवीकडून धरते आणि खतीजाबी डावीकडून. जमतं.

भाकर करपली तर मी तुला रागवते. एवढं वय झालं, तव्याकडे लक्ष नको का?

आणि आज लेकरू मांडीवर घेशील तेव्हा तुझ्या आईला तोंडानं म्हण, खालचा हात काढ. ती काढणार नाही. पुन्हा म्हण.

शालू